चौऱ्याऐंशीचा शॉकअप

एकोणसत्तर सालची बुलेट ढकलत तो तरुण चौसाळ्याच्या हायवेवरल्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढं थांबला, तेव्हा रुद्राणी पुडीत बेअरिंगचे छर्रे मोजून भरत होती. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, बोटांना ग्रीस, आणि डोळे... रुद्राणीची मोजणी चुकली.

तो तलवाड्याचा अभिमन्यू, शाळेत गणित शिकवणारा. खड्ड्यात आदळून पुढच्या शॉकअपचा पाईप वाकला होता. त्या सालचा माल आता मिळत नाही, गाडी भंगारात घाला, असं रुद्राणीच्या वडिलांनी, गुरुपाद आप्पांनी, सांगून टाकलं. त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. ती शिडी लावून माळ्यावर चढली आणि चौऱ्याऐंशीच्या मॉडेलचा शॉकअप काढून आणला. जाडी मोजली — केसाइतकाही फरक नव्हता.

"पाईप बसंल," ती म्हणाली. "पण वरचे आटे येगळे हायत. वरची प्लेटबी ह्याच सालची घ्यावी लागंल."

"तुमी म्हणाल तसं," तो म्हणाला... पाईपाकडं न बघताच.

लिंबाच्या सावलीत त्या रविवारी दोघांनी दुपारभर खटपट केली. पाना देता-घेता बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच नटबोल्ट शोधू लागत. पाईप अर्धा इंच लांब निघाला. जुनी स्प्रिंग पुरेना. मग पुढच्या रविवारी तो स्प्रिंगसाठी आला, त्यापुढच्या रविवारी सीलसाठी. चौथ्या रविवारी त्यानं पुन्हा स्प्रिंगच मागितली.

"ती बसवली की आपण."

तो कानापर्यंत लाल झाला. "ठावं हाय... पण दुसरं काय मागावं, ते सुचंना."

ती हसली, आणि हसता हसता थांबली. येत्या रविवारी लातूरची माणसं तिला बघायला येणार होती. तिनं ते सांगून टाकलं. त्यानं मान हलवली, किक मारली आणि गेला. आठवडाभर तिनं गिऱ्हाइकांना भलतेच डबे काढून दिले.

लातूरकर चारला यायचे होते. सकाळी अकरालाच ती ओळखीची धडधड ऐकू आली आणि रुद्राणीच्या छातीत तीच धडधड सुरू झाली. अभिमन्यूच्या मागं पदर खोचून त्याची आई बसली होती, वत्सलाबाई. उतरल्या त्या थेट आप्पांपुढं आल्या.

"पोरासाठी तुमच्या लेकीला मागणी घालायला आले. आमी मराठे, तुमी लिंगायत, समदं ठावं हाय मला. न्हाई म्हणालात तर च्या पिऊन जाईन."

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "चार रविवार मीबी दुकानातच व्हतो," ते हळूच म्हणाले, आणि लेकीकडं वळले. "तुजं काय म्हणणं हाय?"

रुद्राणीनं काउंटरवरचा फोन उचलून आप्पांच्या हातात ठेवला.

"लातूरला लावा, आप्पा. ती माणसं निघायच्या आत."

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नंबर शोधायला घेतला.