पदरावरची मोकळी जागा

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर दोऱ्यांचं एक दुकान होतं. इतकं अरुंद, की आत दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. त्या शनिवारी तिसरा माणूस नंदकिशोर होता, आणि रस्त्यावर भुरभुर पाऊस लागला होता.

त्याच्या बॅगेची चेन तुटली होती. आतले कागद भिजू नयेत म्हणून ते त्यानं शर्टाखाली धरले होते. शेवटी तो अंग चोरून आत घुसला आणि कागद गल्ल्यावर ठेवले — नेमके आत उभी असलेली एक मुलगी, शिवलीला, निवडत असलेल्या लाल दोऱ्यांवर.

"स्वल्प..." जरा उचला, असं कन्नडमध्ये सांगता सांगता ती थांबली.

वरच्या कागदावर एक ससा होता. बारीक बारीक चौकोनांचा. कान चौकोनांचे, मिशा चौकोनांच्या. असे नमुने तिनं लहानपणापासून पाहिले होते, पण हा ससा तिच्या ओळखीचा नव्हता. तिनं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. तो नुसता बघत राहिला.

"काय बाप्पा," तो स्वतःशीच पुटपुटला, "एका चेनीसाठी काय काय होऊन राहिलं."

"मराठी आहात होय?" तिनं हसू दाबत विचारलं. "कुठल्या पुस्तकातला नमुना हा?"

"पुस्तकातला नाही. मी काढला."

"कशावर?"

"कॉम्प्युटरवर. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले सगळे पत्ते खेळतात, मी जनावरं काढतो. माउसनं एकेक चौकोन भरायचा. नागपूरला घरी तर वहीचे समास भरून टाकायचो."

शिवलीलानं कागद जवळ घेतला. प्रिंटरच्या कागदाची कडेची भोकांची पट्टी अजून फाडलेली नव्हती. तिनं बोटानं सशाची पाठ मोजली, मग कान मोजला, आणि मान हलवली.

"छान आहे. पण याचा डोळा एकटा पडलाय."

"म्हणजे?"

"डोळ्यापर्यंत दोरा जाणार कसा?"

नंदकिशोरनं सशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. सशाला दोरा कशाला हवा, हे त्याला कळेना. पण हे विचारायला पुन्हा भेटावं लागेल, एवढं मात्र त्याला लगेच कळलं.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "रविवारी आमच्या पडवीत मुलांना शिकवते मी. तुम्हालाही शिकवीन. फक्त सतरंजीवर बसावं लागतं."

शिवलीलाचं घर मूळचं धारवाडकडचं, कन्नडबरोबर मराठीही बोलणारं. वडिलांच्या नोकरीमुळे बंगळूरला आलं आणि इथेच राहिलं. वडील गेले, पण पडवी, तुळस आणि आईची कसुती तशीच राहिली. आईला ती अव्वा म्हणे.

कसुती म्हणजे त्यांच्याकडचं भरतकाम. त्यात कापडावर आधी काही रेखाटायचं नसतं. कापडाचे धागे मोजत सुई पुढे न्यायची, एक टाका वर, एक खाली. मग त्याच वाटेनं मागे यायचं आणि सुटलेल्या जागा भरायच्या. जिथून निघालो तिथेच पोचायचं. गाठ कुठेच मारायची नाही. असं केलं की कापड उलटलं तरी मागेही तेच चित्र दिसतं.

"म्हणून सुटा डोळा चालत नाही," शिवलीलानं त्याला सांगितलं. पोरांच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला नंदकिशोर गंभीरपणे ऐकत होता. "दोरा तिथे उडी मारून जाऊ शकत नाही. वाट पाहिजे, आणि परत यायलाही वाट पाहिजे."

"अंकल, तुमचा दोरा फार लांब आहे," शेजारची मुलगी मोडक्या मराठीत म्हणाली. "गुंता होणार."

गुंता झाला. सगळी पोरं खूश झाली.

त्या दिवशी त्यानं शिवलीला भरत असलेली साडी पाहिली. काळी चंद्रकळा, पदरभर लाल-पांढऱ्या दोऱ्यांतली तुळशीवृंदावनं, मोर, अंबारीचे हत्ती. फक्त मधोमध तळहाताएवढी जागा मोकळी होती.

"इथं काय येणार?" त्यानं विचारलं.

"ठरत नाही. रोजचंच काही नको वाटतं."

"मी काढून आणू?"

"आणा की," ती म्हणाली. "पण मी सहज पास करत नाही हं."

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांच्या घरात लग्नाची साडी मुलगी स्वतः भरी. पदर पुरा झाला की धारवाडच्या मावशीला निरोप जाई, आणि मावशी स्थळं पाठवायला लागे. ती मोकळी जागा शिवलीलानं मुद्दाम ठेवली होती. तिला घाई नव्हती. आणि आता तर मुळीच नव्हती.

पुढच्या रविवारी वाघ आला.

"आमच्याकडचा आहे," नंदकिशोर अभिमानानं म्हणाला.

"पट्टे सगळे सुटे. एकेका पट्ट्यासाठी गाठ मारू काय?"

मग माकड आलं. "शेपूट सुटं पडलंय, अंगाला कुठे मिळतच नाही." म्हशीची शिंगं तिरकी होती. बदकाचा पाय पाण्यात तरंगत होता. ती प्रत्येक कागदावर बोट फिरवी, अडलेली जागा दाखवी, आणि त्याचा चेहरा पडला की हळूच म्हणे, "कान मात्र छान जमलेत."

"बदकाला कान नसतात."

"तेच. जे काढलं नाही ते छान जमलंय."

तो हसे. पुढच्या रविवारी पुन्हा येई. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून रोज कंपनीच्या बसमध्ये परतताना तो आता रुमालावर टाके घालायला शिकला होता. शेजारचे लोक चेष्टा करत. बस खड्ड्यातून गेली की सुई बोटात जाई.

अव्वा खिडकीतून सगळं पाहत असे. "तम्मा, कॉफी घे," एवढंच त्याला म्हणे, धाकट्या भावाला हाक मारावी तसं. पण आत गेल्यावर लेकीला विचारी, "पदर कधी संपणार गं?"

"जनावर जमत नाहीये त्याला."

"त्याला जमत नाही, का तुला?"

शिवलीला कॉफीचे पेले विसळायला लागली.

मग एका रविवारी पोरं घरी गेल्यावर तो आला. खिशातून घडी केलेला कागद काढला. त्याचे डोळे चमकत होते.

"आता बघा. चूक काढून दाखवा."

कागदावर खार होती. दोन पायांवर बसलेली, हातात शेंग. शिवलीलानं शेपटीपासून बोट फिरवायला सुरुवात केली. शेपटी पाठीला मिळाली. पाठीवरचे पट्टे मानेवरून पुढे आले, आणि मधला पट्टा गालावरून थेट डोळ्यात गेला. तिथून कानावर, कानावरून पुन्हा पाठीवर... तिचं बोट जिथून निघालं होतं तिथेच येऊन थांबलं. एकही जागा अडली नाही.

"डोळ्याला वाट काढली," तो म्हणाला. "खारीला पट्टे असतातच, मग त्यांचाच उपयोग केला. जमलं ना?"

तिनं पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग तिसऱ्यांदा. कुठेतरी एखादा सुटा चौकोन सापडावा, एवढंच तिला हवं होतं.

"जमलं," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

"मग तुम्ही अशा का बसल्या? मी तर समजलो तुम्ही खूश व्हाल."

"तुम्ही इतकं नीट का शिकलात?"

"म्हणजे... नीट शिकायचं नव्हतं?"

ती हसली आणि त्याच वेळी तिचे डोळेही भरून आले. मग खाली बघत, साडीची घडी उलगडत, तिनं त्याला पदराची गोष्ट सांगितली. मावशीची, निरोपाची, येणाऱ्या स्थळांची. नंदकिशोर ऐकत राहिला. बाहेर रस्त्यावर फुलवाला ओरडत गेला.

"म्हणजे वाघ बरोबर होता?" त्यानं विचारलं.

"नाही. वाघ चुकलाच होता. बदकाचा पाय मी जोडू शकले असते."

"आणि म्हशीची शिंगं?"

"तीसुद्धा."

तो काही वेळ सतरंजीच्या दशा ओढत बसला. मग म्हणाला, "मी खारीचा डोळा परत सुटा करू शकतो. पुढच्या रविवारी उंट आणतो. उंटाला तर मी असा चुकवीन, की..."

"किती रविवार?"

"तेच म्हणून राहिलो मी." त्यानं दशा सोडल्या. "किंवा... तुम्ही पदर पुरा करा. मावशींना फोन जाऊ द्या. फक्त पहिलं स्थळ नागपूरचं घ्या. आई-बाबांना मी आजच कळवतो. तुम्ही हो म्हणत असाल तर."

शिवलीलानं वर पाहिलं. "आणि तुमचं स्थळ मी नापास केलं तर?"

"तर चूक कुठे आहे ते बोटानं दाखवा. मी पुन्हा काढून आणीन."

"...आणायची गरज नाही," ती म्हणाली.

खिडकीत भांडं वाजलं. अव्वा पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं सरळ नंदकिशोरपुढे हात केला.

"तो रुमाल दे बघू, बसमध्ये भरतोस तो."

त्यानं घाबरत खिशातून रुमाल काढला. कोपऱ्यात एक वेडावाकडा ससा होता. अव्वानं ससा बघितलाच नाही. तिनं रुमाल उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"हिथं चुकला होतास."

"हो, काकू. तीनदा उसवलं."

"आणि परत घातलंस. गाठ नाही मारलीस." तिनं रुमाल घडी करून त्याच्या हातात दिला. "सरी, ठीक झालं. कॉफी ठेवते. आणि धारवाडला फोन मीच करीन, पण वेगळं सांगायला."

ती आत गेली. शिवलीलानं पदर मांडीवर पसरला, मोकळ्या जागेवर तळवा फिरवला आणि सुईत लाल दोरा ओवला. आखूड, गुंता न होण्याइतका.

नंदकिशोर सतरंजीवर जरा जवळ सरकला. "सुरुवात कुठून? शेपटीकडून?"

"डोळ्यापासून," ती म्हणाली. "म्हणजे परत तिथेच यायचं."

आणि ती धागे मोजू लागली. तोही हळू आवाजात तिच्याबरोबर मोजू लागला.