पट्ट्याचा उलटा पीळ

दुकानात गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वर काय नेणार?"

गाडीच्या टपावरचा रॅक त्यावरून ठरतो. लोक तोंडाने तंबू सांगतात आणि अख्खा संसार वर चढवतात. उभी गाडी जो भार पेलते, तो खाचखळग्यांत उसळताना पेलेलच असं नाही, हे समजावण्यात माझा दिवस जातो. फार्मिंग्टनच्या कडेला आमचं दुकान. आधी ते माझ्या नवऱ्याचं, अमादेओचं होतं. आता दीर एलिसेओ आणि मी चालवतो. सकाळची जपमाळ पुरी झाल्याशिवाय मी शटर वर करत नाही.

दोन वर्षांपूर्वी ला ओरेहाच्या कोरड्या ओढ्यात कुणाचा तरी ट्रक रुतला, तो काढायला अमादेओ गेला. आमची जीप सापडली. तो सापडला नाही. तो घरी येईपर्यंत हिरवी मिरची खाणार नाही, असा नवस मी चर्चमध्ये ग्वादालूपेच्या माउलीपुढे बोलले. आमच्याकडे मिरचीवाचून न्याहारी म्हणजे आजाऱ्याचं ताट. तेच मी रोज वाढून घेत आले.

अमादेओला एक खोड होती. सामानाचा पट्टा सपाट ताणून बांधला, की गाडीने वेग घेताच तो वाऱ्याने गुणगुणू लागतो. पीळ दिला की गप्प बसतो. सपाट पट्टा त्याला बघवत नसे. पेट्रोल पंपावर परक्याच्या गाडीवर चढून पीळ देऊन यायचा. डावखुरा असल्यामुळे त्याचा पीळ उलटा पडायचा, आणि उरलेलं टोक तो दोनदा खोचायचा.

म्हणून जीपच्या रिकाम्या रॅकवर मी एक पट्टा मुद्दाम सपाट बांधून ठेवला होता.

"वहिनी, रॅकवाल्यांचीच गाडी गावभर बोंबलत फिरते," एलिसेओ म्हणायचा.

"फिरू दे."

या वसंतात त्यानेच जीपला गिऱ्हाईक आणलं. "शनिवारी न्यायला येतोय. जुना रॅक काढून बिनआवाजाचा घालून मागतोय, तो तुम्हीच निवडा. आणि... दादाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चर्चमध्ये मिस्सा करायचं फादरना विचारू का? किती दिवस असं?"

मी रॅकच्या पायांचे बोल्ट निवडत राहिले.

त्याच आठवड्यात ड्युरँगोचा वेंडेल परत आला. त्याने आमच्याकडून तंबूचा रॅक नेला होता. पट्टा बांधताना माझा हात बाजूला सारून म्हणाला होता, "बाई, एवढं मला येतं." आणि सपाट बांधून गेला होता.

"जाताना पट्ट्याच्या आवाजाने डोकं उठलं," तो म्हणाला, "येताना चिडीचूप. तुम्ही रानातसुद्धा माणूस बसवलाय वाटतं."

मी पायरीवर चढून पाहिलं. पीळ उलटा होता. टोक दोनदा खोचलेलं.

"कुठे उतरला होतात?"

"ला ओरेहाला. का हो?"

"नाही, सहज."

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर मी जीप काढली. ऊन लख्ख होतं. गॅसच्या विहिरी मागे पडल्या, मग खुरटी झाडं, मग नुसती धूळ, दातांत कचकचणारी. सगळ्या वाटेने टपावरचा पट्टा गुणगुणत होता.

ओढ्यात उतरून इंजिन बंद केलं. माळ हातात घेतली. वर बघायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

वारा पडलेला होता.

माळ निम्म्यावर आली तेव्हा टपाचा पत्रा एकदा वाजला. चढताना पाय पडतो तसा.

मी पुढचा मणी धरला.

जीप किंचित खाली बसली.

माळ पुरी केली आणि गाडी सुरू केली. हमरस्त्याला लागून वेग घेतला. टपावरून आवाज आला नाही.

मी थांबले नाही. एकेक खड्डा चुकवत, टोपलीतून अंडी न्यावीत तशी घरी आले.

सकाळी जपाच्या आधी पायरी लावून वर चढले. पट्ट्याला उलटा पीळ होता, टोक दोनदा खोचलेलं. पण पट्टा रॅकवर टेकलेला नव्हता. मध्ये वीतभर वर उचलला गेला होता, काहीतरी बांधल्यासारखा. मी खाली हात घातला. काही नव्हतं, गार हवा तेवढी. वरून पट्टा दाबला. तो दबला नाही.

एलिसेओ न्याहारीला आला. "वहिनी, तो माणूस दुपारी येईल. कुठला रॅक घालू? हलका की दणकट?"

"हाच राहू दे. गाडी विकायची नाही."

"आता हे काय मधेच? आणि फादरना काय सांगू?"

"मिस्सा नको म्हणावं."

तो आणखी काही बोलणार होता. मी मिरचीचं भांडं जवळ ओढलं आणि अंड्यावर दोन चमचे घेतली. पहिल्या घासालाच जीभ पोळली, डोळे भरून आले. "तिखट आहे," मी म्हटलं.

एलिसेओ माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीतून तो जीपकडे बघत होता. सपाट अंगणात ती एका अंगाला कलली होती, आणि बघता बघता हळूच दुसऱ्या अंगाला कलली.