कडेने बघायचं

दिवा राहू द्या तसाच बारीक. वाढवू नका. का ते सांगतो, मला सांगायला जमलं तर.

मी मिनीबस चालवतो. आठवडाभर कारखान्याच्या पाळ्या, आणि अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी शहरातली माणसं तारे बघायला डोंगरामागच्या माळावर न्यायची. तिथे दूरपर्यंत एकही दिवा नाही. ती उत्साहात असतात, मी पेंगत असतो. बोलणं मला फारसं येत नाही, शाळाही लवकर सुटली. कोणी काही विचारत नाही, ते बरंच.

त्या शनिवारी आईला बरोबर घेतलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माझा चेहरा बघायचा तर ती भिंतीकडे तोंड फिरवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उरलेलंही जाईल, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. आमच्या गल्लीतून चंद्रसुद्धा धड दिसत नाही. म्हटलं, निदान तारे तरी.

माळावर पांढरा उजेड चालत नाही. अंधाराला सरावलेली नजर एका झोतात मोडते. म्हणून सगळ्यांच्या बॅटऱ्यांवर मी लाल कागद चिकटवतो आणि बसचे दिवे बंद ठेवतो. लोक सतरंज्यांवर आडवे झाले. आई अगदी कडेला, मी तिच्या उशाशी.

"एवढ्या लांब झोपायला आणलंस होय?" आई म्हणाली. "घरी गादी होती की."

"वर बघ ना."

"बघतेय. तू घोरू नकोस म्हणजे झालं."

आकाश दाखवणारे सर अंधारातून सांगत होते, "अंधुक तारा दिसत नसेल तर थेट त्याच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा. अंधारातलं डोळ्याच्या कडेला जास्त दिसतं."

आई हसली. "घ्या! म्हणजे इथे माझाच पहिला नंबर."

वारा पडला होता. वाळलेल्या गवताचा वास येत होता, आणि त्याखाली काहीतरी ओलसर, बरेच दिवस बंद असलेल्या खोलीसारखं. माझे डोळे मिटत होते.

"दिसतायत का गं तारे?"

"पुष्कळ." मग हळूच, "माणसंही पुष्कळ आणलीस रे."

"बसभर आहेत."

"ती आडवी आहेत. मी उभ्यांचं म्हणतेय..."

मी उठून बसलो. मोकळा माळ. कोणी नव्हतं.

"असं नाही. बाजूला बघ... सरांनी सांगितलं तसं."

मी लांबच्या एका झुडपावर नजर ठेवली. आणि कडेला ते दिसले. सतरंज्यांच्या भोवती, लोकांच्या पायांशी, उभे. थेट बघितलं की काही नाही. नजर सरकवली की परत तिथेच... फक्त थोडे आत आलेले.

"वर कोणीच बघत नाहीये," आई पुटपुटली. "सगळे आपल्याकडे..."

मी पळत सुटलो, बसमध्ये चढलो आणि मोठे दिवे लावले.

माळ पांढराफटक झाला. लोक डोळे झाकून ओरडले. सर धावत आले. "अहो ड्रायव्हर, झोपेत आहात का? सगळ्यांच्या नजरेची माती केलीत!" मी मान खाली घातली. आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं. एकटी आई डोळे सताड उघडे ठेवून झोताकडे तोंड करून बसली होती.

परतताना ती माझ्या मागच्या सीटवर होती.

"गेले ना गं ते?"

"उजेड पडला तशी पळापळ झाली त्यांची. जो तो अंधार शोधत होता..." मग म्हणाली, "एकाला सापडला."

"कुठे?"

मला वाटलं, तिचा डोळा लागला. पुढे विचारायचं माझ्यातही त्राण नव्हतं. सकाळच्या पाळीआधी बस धुवायची होती.

कुठे, ते मला घरी गेल्यावर कळलं. डोळ्यांच्या मधोमध, त्या काळ्या डागात, कोणीतरी पाठ करून उभं असल्याचं ती सांगू लागली. डॉक्टरीणबाई म्हणतात, तिथे काहीही दिसणं शक्य नाही. तेव्हापासून मी रात्री दिवा बारीक ठेवतो. त्याला बाहेर निघायला अंधार मिळावा, एवढ्यासाठी.

काल कामावरून आलो, बूट काढत होतो. आई पलंगावर होती.

"गेला तो," ती म्हणाली. "आता लाव दिवा मोठा."

मला इतकं हायसं वाटलं की तिथेच बसकण मारावीशी वाटली. तिच्या शेजारी टेकलो, बटणाकडे हात नेला आणि तिच्याकडे बघितलं.

ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती.

मी हळूच डावीकडे सरकलो. तिची नजर माझ्याबरोबर सरकली. उजवीकडे सरकलो... तरीही. ओठ हसत होते. पण खाली तिच्या हाताने माझी बाही घट्ट धरली होती, आणि तिची मान, थरथरत, भिंतीकडे वळायला धडपडत होती.