रुमालात बांधलेल्या किल्ल्या

आल्हाद, गाडीची किल्ली बोटावर फिरवू नकोस. खिशात ठेव. आणि शटर अर्धं ओढून घ्या रे. माझ्या याच खुर्चीत केस कापायला बसणाऱ्या अमोलची गोष्ट आहे. थापा मारायचं माझं वय गेलं.

अमोल गंगापूर रोडच्या एका फार्मसी कॉलेजात पांढरे उंदीर सांभाळायचा. उंदरांना तीन आठवडे दारू पाजायचे, मग एकदम बंद. ते थरथरायला लागले की निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. ओळखीला पिवळा रंग, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर. दारू तुटलेल्या उंदराला किल्ल्या खुळखुळल्या तरी फीट येते, म्हणून अमोल जुडगा रुमालात बांधून आत जायचा.

तो स्वतःही पक्का पिणारा. शेवटी बायको, ज्योत्स्ना, म्हणाली, "आता प्यालात ना, तर पोरीला घेऊन माहेरी देवळ्याला जाईन. परत यायची नाही." त्याने दारू तिथेच सोडली. दवाखाना नाही, गोळी नाही. कुणाला सांगितलंही नाही.

१४ डिसेंबर २०२२, बुधवार. रात्री पावणेदोन. सोडल्याची तिसरी रात्र. दोनचा डोस द्यायला तो एकटा आत गेला, दार लावून घेतलं. हात थरथरत होते. रुमाल सुटला, किल्ल्या फरशीवर पडल्या.

मिठाच्या पाण्यावरचा एक उंदीर ताठ झाला. डोक्यावर पिवळा ठिपका होता त्याच्या. दोनदा पाय झाडले. मेला.

अमोलला काहीच वाटलं नाही. वाईटही नाही. किल्ल्या घट्ट बांधल्या, खिशात टाकल्या.

मग सगळे पिंजरे गप्प झाले.

मागून... खुळखुळ.

त्याने खिसा दाबला. किल्ल्या तिथेच.

पुन्हा. जवळून.

मान वळवायची होती... वळली नाही.

पहाटे वॉचमन हबीबभाईंना तो फरशीवर सापडला, जीभ चावलेली. ते मला म्हणाले, "दरवाजा अंदरसे बंद होता, भाऊ. काच फोडून गेलो. आत दुसरं कोणीच नाही."

डॉक्टर म्हणाले, दारू एकदम तोडल्याची फीट. आधी आला असता तर औषध होतं. औषध तर त्याच्या हातातच होतं, पण ते उंदरांचं.

वाचला. आजही पीत नाही. ज्योत्स्ना घरीच आहे.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. टाळूवर अंगठ्याएवढा पिवळा ठिपका. म्हटलं, रंग लागला असेल. कापले केस. महिन्याने पाहतो तर तिथेच.

गेल्या वर्षी त्याचे वडील गेले. मुंडण मीच केलं, वस्तऱ्याने, गुळगुळीत.

केस परत आले... सगळे काळे. टाळूवरचे तेवढे मुळापासून पिवळे.