‘गिव्ह अप’ची चौदा कार्डं

कोशाच्या कचेरीतून चौदा कार्डं नाहीशी झाली होती. संध्याकाळी पाचपर्यंत ती मिळाली नाहीत, तर टायपिस्ट मुलीची नोकरी जाणार होती आणि वर पोलिसांत तक्रार होणार होती. एवढं सांगून प्रकाशकांनी घाम पुसला.

समोर बसल्या होत्या त्या वहिनी. बावीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि आता लोकांच्या अडचणी सोडवायच्या. सोबत त्यांचे धाकटे दीर, भावजी. माणूस लाख मोलाचा, फक्त डोकं बैलगाडीच्या वेगानं चालायचं. हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं, त्यामुळे भांडण नव्हतं.

कोश होता इंग्रजी जोडक्रियापदांचा. क्रियापदाला एक चिमुकला शब्द चिकटला की अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं, हात टेकणं, शरण जाणं, हक्कावर पाणी सोडणं, बसायची जागा दुसऱ्याला देणं. एका अर्थाला एक कार्ड. त्यावर मराठी प्रतिशब्द आणि एक नमुन्याचं वाक्य. एकतीस वर्षं हे काम चाललं होतं.

“टायपिंग संपत आलंय,” प्रकाशक म्हणाले. “संपलं की कार्डांचे सगळे खण रद्दीत. दोन खोल्या मोकळ्या होतील.” हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

दुसरा एक प्रकाशक असाच कोश काढत होता. कार्डं त्याला विकली असतील, म्हणून यांचा संशय मुलीवर. किल्ली तिच्याकडे, खणही तिच्याच हाताखालचा. संपादकबाईंना मात्र काही कळवलं नव्हतं. मंगळवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऐकलं तर त्या हाय खातील, अशी प्रकाशकांना भीती होती.

कामाच्या खोलीत दोन मांडण्या होत्या. डावीकडे टाइप व्हायचे खण, उजवीकडे झालेले. वहिनींनी डावीकडचा तो खण ओढला. ‘गिव्ह आउट’ची कार्डं संपत होती, ‘गिव्ह वे’ची सुरू होत होती, आणि मध्ये एक गुलाबी कार्ड उभं होतं. त्यावर एक अक्षरही नव्हतं.

भिंतीवर संपादकबाईंच्या हातची पाटी होती : कार्ड काढलं की त्या जागी गुलाबी कार्ड ठेवावं, त्यावर नाव आणि तारीख लिहावी.

मुलीचे डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. बुधवारी सकाळी तिनं टाइप करायला खण घेतला, तेव्हाच कार्डं नव्हती. त्याआधी? सोमवारी डाव्या मांडणीची फळी मोडली होती. सुतार येऊन गेला, तोवर तिकडचे खण उजव्या मांडणीवर होते. मंगळवारी तिनं ते परत लावले.

“आणि हे गुलाबी कार्ड?”

“माझं नाही,” ती म्हणाली. “मी ठेवायलाच विसरते. त्यावरून रोज बाईंची बोलणी खाते.”

“बाई शेवटच्या कधी आल्या होत्या?”

“सोमवारी दुपारी. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी आल्या.”

मग प्रूफरीडर. पाकिटावरच्या पत्त्यातही चूक शोधणारा माणूस. ‘गिव्ह अप’मध्ये ‘हात टेकणे’ आधी की ‘पाणी सोडणे’, यावरून त्यानं बाईंशी आठवडाभर वाद घातला होता. रागाच्या भरात “फेकून द्या ती कार्डं” असंही म्हणाला होता. भावजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. वहिनींचं लक्ष मात्र त्याच्या टेबलावर होतं. तिथे गुलाबी कार्डांची चवड होती, आणि प्रत्येकावर त्याच्या नावाचा रबरी शिक्का आधीच मारलेला.

“रोज नाव लिहायचा कंटाळा,” तो ओशाळून म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “ती चौदा कार्डं हिरव्या शाईत होती. सरांची. बाईंचे यजमान. बाकी कोश दोघांनी केला, पण ही त्यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या एकट्यानं लिहिली. त्यानंतर त्यांनी पेन उचललंच नाही.”

साडेचारला वहिनींनी सगळ्यांना प्रकाशकांच्या खोलीत बोलावलं. भावजींनी वाटेत आपला निकाल सांगून टाकला : प्रूफरीडर.

“भावजी, तुम्ही चहा घ्या,” वहिनी म्हणाल्या, आणि गुलाबी कार्ड टेबलावर ठेवलं.

“चोर पावती ठेवून जात नाही. ज्यानं कार्डं नेली, त्याला आपण चोरी करतोय असं वाटलंच नव्हतं. या मुलीला गुलाबी कार्डाची सवय नाही. प्रूफरीडरांच्या कार्डावर शिक्का असतो, आणि कोरं कार्ड त्यांच्याकडे एकही नाही. विकणाऱ्यानं अख्खा खण उचलला असता. चौदा कार्डांत कुणाचा कोश होतो? मग उरलं कोण? एकतीस वर्षं ज्यांचा हात आपोआप त्या गुलाबी कार्डाकडे जातो, ती व्यक्ती.”

प्रकाशक उठलेच. “बाई? अहो, स्वतःच्या कोशाला भोक कशाला पाडतील?”

“पाडलं नाही त्यांनी. सोमवारी तो खण उजवीकडे होता. उजवीकडचं टाइप झालेलं, असा तुमचा शिरस्ता. म्हणजे कामाचं संपलं, आता ते फक्त कागद. आणि ते कागद रद्दीत जाणार, हे तुम्ही मघाशी मलाही हसत हसत सांगितलंत. बाईंनाही सांगितलं असेल.”

प्रकाशक खाली बसले.

“नाव का नाही लिहिलं मग?” भावजींनी विचारलं.

“नवऱ्याचं अक्षर घरी नेताना नाव काय लिहिणार, भावजी? पण हात ऐकेना.”

वहिनींनी फोन लावला. बाईंच्या लेकीनं तो त्यांच्या कानाला धरला. कार्डं उशाखाली होती. पण मुलीवर आळ आल्याचं ऐकून बाई डॉक्टर, विश्रांती सगळं विसरल्या. पंधरा मिनिटांत लेकीचा हात धरून, काळा चष्मा लावून त्या दारात उभ्या राहिल्या.

आधी त्या चाचपडत मुलीपाशी गेल्या. “माझ्यामुळे तुला चोर म्हणाले. मला माफ कर गं.” मुलगी आता मात्र रडली. मग बाई प्रकाशकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या की यापुढे आपल्याला जपायचं म्हणून कुणाचा बळी देऊ नका. प्रकाशकांनी मुलीची माफी मागितली. रद्दीचंही रद्द झालं. एक भिंत कार्डांसाठी राहील, असं ते आपणहून म्हणाले.

बाईंनी रुमालातली कार्डं मुलीच्या हातात दिली. “टाइप कर. शेवटचं आधी वाचून दाखव. मला आता दिसत नाही, आणि दिसत होतं तेव्हा धीर झाला नाही.”

मुलीनं चौदावं कार्ड काढलं. अक्षर थरथरलेलं होतं.

“गिव्ह अप : आशा सोडणे. नमुना : डॉक्टरांनी आशा सोडली, पण माझ्या बायकोनं सोडली नाही, ती रोज उद्याची कार्डं घेऊन येते.”

बाईंनी काळ्या चष्म्याआडून डोळे टिपले. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावायला मनाई केली होती, पण कुणी अडवलं नाही.

प्रूफरीडरनं सवयीनं पेन काढलं होतं. त्यानं ते कार्ड जवळ घेतलं, दोनदा वाचलं, आणि पेनाला टोपण लावलं.

“यात दुरुस्ती नाही,” तो म्हणाला.