फोनवरची हौसाक्का

हौसाक्काने समृद्धीच्या बाळाचं लसीचं कार्ड उजेडात धरलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "पुढची लस सतरा तारखेला." शेजारणी बघतच राहिल्या. गडहिंग्लजमध्ये चाळीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणारी ही बाई, दुसरीतून शाळा सोडलेली, आणि वाचते कशी फडाफडा!

ती वाचत नव्हतीच. चष्म्याच्या काडीवर कॅमेऱ्याचा मोहरीएवढा डोळा बसवलेला होता. तो अक्षरं बघायचा आणि कानातला मणी ती कुजबुजून सांगायचा. ॲपचं नाव 'वाचासखी'. एक रुपया घेत नव्हतं. "चष्मा घरी राहिला गं," म्हणत आक्काने अख्खा जन्म वेळ मारून नेली होती. आता चष्म्यानेच अब्रू राखली होती. घरात सुनेलासुद्धा पत्ता नव्हता.

सव्वा महिन्याची न्हाणी संपल्यानंतर आज पहिल्यांदाच पाय लांब करून तिने बाळाला मांडीवर घेतलं. तेलाचा हात फिरला आणि मांड्यांपाशी थबकला. दोन महिन्यांचं पोर, कातडी अशी सैल? कार्डावर वजन लिहिलेलं होतं, पण ते बघायची तिला गरज नव्हती.

"काय गं, अंगावर पाजतेस ना?"

समृद्धी गोंधळली. "आक्का, तुम्हीच तर बंद कर म्हणालात."

"मी? जीभ झडेल माझी असं म्हणताना!"

"फोनवर, वीस दिवस झाले. डब्याचं दूध घे म्हणालात. डब्याचं नावसुद्धा सांगितलंत. महाग आहे, म्हणून सासूबाई जरा पातळच करतात." तिने फोन पुढे केला आणि त्यात रेकॉर्ड झालेलं बोलणं लावलं.

"अगं बये, तुझं दूध पोराला पुरत नाही. मी चाळीस वर्षं बघते आहे ना? उगीच हट्ट करू नकोस…"

तोच आवाज. तीच खाकर. मधेच जीभ टाळ्याला लावून 'च्' करायची खोडसुद्धा तीच. आक्काच्या हातातलं तेल ओघळून मनगटापर्यंत आलं.

घरी येऊन तिने चष्मा आणि फोन सून वृषालीच्या पुढ्यात ठेवले. समृद्धीकडे ऐकलेलं सांगितलं. वृषालीने ॲप चाळलं, सासूकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

"आत्याबाई, फुकटातलं ॲप जगतं कशावर? जाहिराती दाखवून. तुम्ही पडदा बघतच नाही, नुसतं ऐकता. मग तुम्हाला दाखवणार काय? त्यांनी तुमचीच जाहिरात केली. दोन वर्षं तुमचं बोलणं साठवलं, त्यावरून दुसऱ्या आक्का घडवल्या आणि डब्याच्या दुधवाल्यांना भाड्याने दिल्या. तुमच्या फोनमधल्या सगळ्या बाळंतिणींना त्या फोन करतात."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"इथे तुमचं 'हो' आहे."

आक्काला ती दुपार आठवली. ॲपच्या अटी ॲपनेच वाचून दाखवल्या होत्या, भराभर, कोर्टातल्या मराठीत. 'ध्वनिसादृश्याचा व्यावसायिक वापर.' वृषालीला अर्थ विचारावा असं क्षणभर मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर बिंग उघडं पडलं असतं. म्हणून ती ऐटीत "हो" म्हणाली होती.

"आत्ताच्या आत्ता बंद कर."

"चष्मा मुका होईल. आणि दिलेला आवाज सहा महिने माघारी येत नाही, असंही लिहिलंय. फोन चालूच राहतील."

"किती जणी?"

"एक्केचाळीस."

दुसऱ्या दिवशी ती बिनचष्म्याची समृद्धीच्या दारात उभी राहिली. सासू होती, शेजारणी होत्या. 'फोन बिघडला होता' एवढं म्हणून भागलं असतं. तसं ती वाटेत घोकतही आली होती.

"मला वाचायला येत नाही," ती म्हणाली. "कधीच येत नव्हतं. मशीन कानात सांगत होतं. त्याच मशीनने माझा आवाज घेतला आणि तो तुमच्याशी खोटं बोलला. 'हो' मी म्हणाले होते. न कळता म्हणाले, कारण विचारायची लाज वाटली."

शेजारच्या शकूने पदर तोंडाला लावला. सासू फणकारली, "तरीच म्हटलं, फोनवर एवढी गोड कशी बोलते ही! समोर तर नुसती खेकसते."

आक्काने मान खाली घातली. असल्या टोमण्याला एरवी तिने उभं चिरलं असतं.

"पोरी, जवळ घे त्याला," ती एवढंच म्हणाली.

समृद्धीने बाळाला पदराखाली घेतलं. पोराने चार ओढी घेतल्या, तोंड फिरवलं आणि किंचाळायला लागलं. समृद्धीचे डोळे भरून आले.

"आटलंय हो, आक्का. परत येईल?"

येतं. दर दोन तासांनी पोराला लावत राहिलं, तोवर दवाखान्यात दाखवून वरचं दूध नीट मापाने दिलं, तर हळूहळू येतं. कितीतरी जणींचं तिने येताना पाहिलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समृद्धीची नजर नकळत कोनाड्यातल्या फोनकडे गेलेली तिला दिसली.

ह्या पोरीला धीर द्यायचा, तर तो आता कुठल्या आवाजात?