हातभर जागा आणि पेटीभर केबल

ही घटना खरी आहे.

प्रीतम सर आजही अकोल्यात, जुन्या शहरात, त्याच घरात राहतात. कोणी जाऊन विचारलं तर "असं काही झालं नाही" म्हणतील. पण बोलताना मधल्या भिंतीला टेकून बसणार नाहीत. यावरून काय ते समजावं.

वेळ रात्रीची नव्हती. अकोल्यात भुतांना रात्रीसाठी थांबावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दारं लावलेली, पडदे ओढलेले आणि घराघरात कूलरची घरघर...

त्या घरघरीत दुसरा कुठलाही आवाज सहज लपतो.

प्रीतम सर आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवतात. विहारात वंदना झाल्यावर अंधश्रद्धेवर बोलायला वस्ती त्यांनाच उभं करते. आत्मा नसतो, हे ते इतक्या शांतपणे पटवून देतात की म्हाताऱ्या बायाही माना डोलावतात.

आईच्या बाजेबद्दल मात्र त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

त्यांची मुलगी दीक्षा कॉलेजात आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून ऑनलाइन गेम खेळतात. गंमत म्हणून नव्हे, स्पर्धेत. रविवारी दुपारचा सामना जिंकला तर टीम पुण्याला जाणार होती. चौघींचे चार कंप्युटर ऑटोतून आणून मागच्या खोलीत मांडले होते. राउटर होता पुढच्या खोलीत. मधे भिंती.

"बाबा, वायफायवर नाई होत," दीक्षा म्हणाली. "गोळी मी मारते अन् मरतोबी आमीच. राउटरपासून केबल टाकून द्या."

"होऊन जाईन."

"मांगच्या खेपेलेबी हेच म्हटलं होतं तुमी. या रविवारी नेट गेलं तर मी मशीन उचलून काकाकडं जाईन. चंदन म्हणे, त्यायचं नेट एकदम मख्खन चालते."

सरांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

काका म्हणजे धम्मदीप. सरांचा सख्खा मोठा भाऊ. चंदन त्याचा मुलगा. राहायला भिंतीपलीकडे. पोरं एकमेकांशी बोलत. भावांचं बोलणं बंद होतं. मुलगी हरली असती तर सरांनी सोसलं असतं. ती दादाच्या उंबरठ्याआड जाऊन जिंकली असती, तर मात्र जुन्या शहरात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

या अबोल्याची कथा लहान आहे.

वडील बुधाजी गेल्यावर घराची वाटणी झाली. भांडी, कपाटं, दारातला नळ, सगळं निम्मं निम्मं. आई मनकर्णाबाई महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे. फक्त तिची बाज मधल्या खोलीत राहिली, कारण ती दोन्ही घरांच्या बरोबर हद्दीवर होती. बाजेची सुतळी सैल पडली होती. झोपलं की पाठ जमिनीला लागायची.

"बाज विणून द्या रे बापूहो," ती म्हणायची.

"दादाले सांग, त्याचा महिना हाय."

"प्रीतमले सांग, उद्यापासून त्याचा सुरू होते."

एका दुपारी ती त्याच बाजेवर गेली. तो दिवस नेमका कोणाच्या महिन्यातला, यावर दोन्ही घरांत अजून मतभेद आहेत.

त्यानंतर मधली भिंत कोणाच्या जागेत घालायची, हा प्रश्न आला. तो सुटला नाही. दोघांनी आपापल्या जागेत आपापली भिंत घातली. मधे हातभर रुंद पट्टी उरली. पुढचं तोंड एकाने बुजवलं, मागचं दुसऱ्याने. वरून स्लॅब टाकला. बाज कोणालाच नको होती. ती त्या हातभर जागेत उभी राहून गेली.

सरांनी मात्र वायरमनच्या दूरदृष्टीने आपल्या भिंतीच्या त्या अंगाला, हातभर पट्टीतून, एक प्लास्टिकचा पाइप आधीच बसवून ठेवला होता. एक तोंड पुढच्या खोलीत, दुसरं मागच्या. कधीतरी वायर टाकायला कामी येईल म्हणून.

ते 'कधीतरी' शनिवारी दुपारी आलं.

निळ्या केबलची कोरी पेटी फोडली. सर पुढच्या खोलीत पाइपाच्या तोंडाशी बसले, दीक्षा मागच्या. सरांनी ढकलायचं, दीक्षाने टोक दिसलं की ओढायचं.

पाइपाचं झाकण काढलं, तेव्हा आतून गार हवा आली.

बाहेर पंचेचाळीस अंश होते. सरांना बरं वाटलं. त्यांनी तोंड जवळ नेलं...

हवेला ओल्या सुतळीचा वास होता.

केबल आत गेली. हात-दोन हात ढकलावी लागली. मग लागली नाही. आपोआप जाऊ लागली.

"हळू ओढ वं," सर ओरडले.

"काय ओढू?" मागून दीक्षा म्हणाली. "टोक तर येऊ द्या."

सरांनी हातातल्या केबलकडे पाहिलं.

ती जात होती.

दोन छोटे हिसके... मग एक लांब ओढ... मग थांबा.

पुन्हा दोन हिसके... लांब ओढ... थांबा.

सरांनी केबल घट्ट धरली. पलीकडची ओढ क्षणभर थबकली. मग अशी आली की तळहाताची सालं निघाली. पेटी फरशीवर गरगर फिरायला लागली. निळे वेढे सुटत गेले, सुटत गेले, आणि शेवटचं टोक सरांच्या बोटांतून निसटून पाइपात शिरलं.

पेटी रिकामी होती.

मागच्या खोलीत काहीच पोचलं नव्हतं.

शिकलेल्या माणसाला अशा वेळी एकच शास्त्रीय कारण सुचतं. भाऊ. त्याने आपल्या भिंतीला भोक पाडलं, पाइप फोडला, केबल लंपास केली. आता अबोल्यात जाऊन विचारता येत नाही. पण भिंतीला ऐकवता येतं. सर कूलरकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "काही लोकायले दुसऱ्याच्या घरच्या वायरीची लय भूक असते."

पलीकडून, बहुधा तिकडच्या कूलरला उद्देशून, उत्तर आलं. "काही लोकं आधी दोरी गिळतात अन् मंग वायरीच्या नावानं बोंबलतात."

दोरीचं काय, ते सरांना कळलं नाही. विचारणार कसं?

संध्याकाळी त्यांनी दुसरी केबल आणली. पाइपाचं तोंड बोळ्याने बुजवलं आणि केबल उघड्यावरून, भिंतीच्या कडेने, क्लिपा ठोकत मागच्या खोलीत नेली. चारही कंप्युटर जोडले. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकले.

"बाबा, एक नंबर," दीक्षा म्हणाली.

रविवारी सामना सुरू झाला. मागच्या खोलीतून पोरींचा आरडाओरडा येत होता. "पिंकी, डावीकडं पाह्य!" "अगं मांगं हाय तो, मांगं!" सर राउटरजवळ खुर्ची टाकून बसले. त्यांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण पोरी जिंकत होत्या, हे आवाजावरून कळत होतं.

टक्...

एक क्लिप निघून फरशीवर पडली.

टक्... टक्...

सरांनी पाहिलं. पाइपाच्या तोंडातला बोळा खाली पडला होता. केबलचा एक वेढा पाइपात गेलेला होता. कोणीतरी आतून बोट काढून अडकवावा, तसा.

दोन हिसके... लांब ओढ... थांबा.

सर उठून धावले. त्यांनी केबल धरली.

आणि मग ते घडलं, जे त्यांनी आजवर कोणालाच नीट सांगितलेलं नाही. प्रत्येक थांब्याला त्यांची बोटं आपोआप सैल होत होती. पुढच्या ओढीसाठी ढील देत होती. बोटांना हे काम येत होतं.

दरवर्षी उन्हाळ्यात आई बाज विणायची. एका अंगाला दादा बसायचा, दुसऱ्या अंगाला प्रीतम. दोन हिसके देऊन ती सुतळी बसवायची, मग लांब ओढून ताणायची. मग थांबायची, हात खालून पलीकडे जाईपर्यंत. आणि म्हणायची...

"दे."

हा शब्द सरांना आठवला, की पाइपातून आला, हे ते सांगू शकत नाहीत.

राउटर टेबलावरून घसरला. भिंतीवर आपटला. पाइपाच्या तोंडाशी अडकून लोंबकळत राहिला. हिरवे दिवे थोडा वेळ लुकलुकले आणि विझले.

मागच्या खोलीत एकदम शांतता झाली.

दीक्षा बाहेर आली. तिने राउटरकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.  आत जाऊन तिने आपला कंप्युटर उचलला.

"दहा मिनिटं सामना थांबवता येते," ती जाता जाता म्हणाली. "तुमी बसा तुमच्या भिंतीपाशी."

चौघी चार मशीन घेऊन भर उन्हात शेजारच्या दारात शिरल्या. सरांची बायको पौर्णिमा उरलेल्या वायरी घेऊन त्यांच्यामागे गेली. जाताना तिनेही नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मग सरही गेले.

दादा दारातच उभा होता. इतक्या वर्षांनी समोरासमोर. केस पांढरे झाले होते, डोळे तसेच.

"आला का?" दादा म्हणाला. "पोरीचं नेट खाल्लं, आता इकडं काय खायले आला?"

"केबल तुमी ओढली. राउटरबी फोडला. आन् मलेच विचारून राहिले?"

"मी?" दादा हसला नाही. "अन् माही कपड्याची दोरी? मोटरची दोरी? घरातल्या दोऱ्या संपल्या माह्या. म्हटलं, घेऊन घेऊन किती घेईन हा माणूस."

"मी काहून घेऊ तुमच्या दोऱ्या?"

 दादा बाजूला झाला.

त्याच्या बाजूच्या भिंतीला खुंटी ठोकताना आरपार गेलेलं एक भोक होतं. त्या भोकात घरातली शेवटची, पिवळी नायलॉनची दोरी शिरत होती.

दोन हिसके... लांब ओढ... थांबा.

दोरीचं दुसरं टोक दादाच्या मुठीत होतं. सरांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. प्रत्येक थांब्याला ती सैल होत होती.

 आतल्या खोलीतून दीक्षाचा आवाज आला, "लागलं नेट! बसा, बसा पटकन!"

"मले वाटलं तूच हायेस," दादा हळूच म्हणाला.

"मले वाटलं तुमी."

दादाने मोबाइलचा टॉर्च लावून भोकाशी धरला. सरांनी डोळा लावला. आत गार होतं. काही अंतरावर आईची बाज उभी होती, भिंतीला टेकून. लाकूड तेच, चारही पाय तेच. वीण नवी होती. निळी. एकही पेड सैल नव्हता. बोट मारलं असतं तर वाजली असती, इतकी ताठ.

आजूबाजूला कोणी नव्हतं.

"झाली की विणून," सर म्हणाले.  "माह्याच केबलीत झाली पुरी."

"मंग माही दोरी?"

सरांनी पुन्हा पाहिलं. पिवळी दोरी निळ्या बाजेला शिवत नव्हती. ती तिच्या मागून, अंधारात आणखी आत जात होती.

"प्रीतम," दादा म्हणाला. "आता काय विणून राहिली ती?"

दीक्षाची टीम त्या दुपारी जिंकली. पुण्याला जाऊन आली. भावाभावांचं बोलणं सुरू झालं, म्हणून वस्तीत सगळ्यांना समाधान वाटलं. विहारात दोघांना शेजारी बसलेलं पाहून काही बायांनी डोळे पुसले.

भिंत पाडून आत पाहावं, असं दोघांनाही वाटतं. पण कोणाची पाडायची, यावर अजून एकमत नाही. दादा म्हणतो तुही भिंत पाड. सर म्हणतात तुमची जुनी हाय, तुमची पाडा.

तोवर दोघे देत राहिले. सर केबल, दादा दोरी. न देऊन एकदा पाहिलं होतं. त्या दुपारी पाइपातून आधी खुंटीवरचा शर्ट गेला, मग दीक्षाच्या हेडफोनची वायर. हेडफोन तेव्हा दीक्षाच्या कानावर होता. पौर्णिमाने पकडीने वायर कापली. दुसऱ्या दिवशी सरांनी केबलच्या दोन पेट्या आणल्या.

मग मागच्या आठवड्यात एका दुपारी ओढ थांबली.

सरांनी केबल पाइपाच्या तोंडाशी धरून ठेवली होती. कोणी घेतली नाही.

भिंतीपलीकडून दादाचा आवाज आला. "प्रीतम... तुह्याकडचं थांबलं काय?"

"थांबलं."

"माह्याकडचंबी."

सरांनी कूलर बंद केला. पलीकडचाही बंद झाला. सगळं घर ऐकत होतं.

आत खट् आवाज झाला. बाजेचे पाय जमिनीला टेकले, तसा. कोणीतरी बाज आडवी घातली होती.

मग दुसरी.

मग थोड्या वेळाने, थोडी दूर, तिसरी. एक आईची; आणि तिला लेक दोन.

हातभर रुंद जागेत एकही बाज आडवी मावत नाही. वाटणीच्या वेळी सरांनी स्वतः टेप धरून ती जागा मोजली होती. परवा त्यांनी बाहेरून पुन्हा मोजली.

जागा हातभरच आहे.

दुपारी आता दोन्ही घरांत कोणी झोपत नाही.